गल्ला नसलेलं दुकान

भिगवणच्या मासळी बाजारात लिलावाच्या वेळी दोन प्रकारच्या नजरा फिरत असतात. व्यापारी पाटीचं वजन जोखतो आणि घरी रांधणारी बाई कल्ले उचकटून लाल आहेत का ते बघते. उजनीच्या फुगवट्यातून आलेली चिलापी, रोहू, कटला, मरळ, शिंगाडा अशी सगळी मंडळी एका फरशीवर पडलेली असतात आणि त्यांच्यात भेद असतो तो फक्त भावाचा. तिसरी एक नजर या बाजारात सहसा येत नाही. ती आली, तर चिलापी, रोहू, कटला एका बाजूला काढील आणि शिंगाडा, मांगूर यांना हातही लावणार नाही. माशाला पर हवेत आणि खवलंही हवीत, दोन्हीपैकी एक नसलं तर तो खायचा नाही, एवढाच तिचा नियम. शिंगाड्याच्या अंगावर खवलं नसतात. तो कितीही ताजा असला तरी त्या घरात शिजणार नाही.

ही नजर महाराष्ट्रात उपरी नाही. रायगडच्या किनाऱ्यावर ती शतकानुशतकं नांदली. तिथल्या बेने इस्रायल लोकांची आपण यहुदी असल्याची ओळख पटली, तीच मुळी मासळीच्या पाटीवर, असं त्यांची परंपरा सांगते. डेव्हिड राहाबी नावाचा एक यहुदी प्रवासी किंवा व्यापारी कोकणात आला. तेल गाळणारे, मराठी बोलणारे, धोतर-पागोट्यातले हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवतात हे पाहून त्याला शंका आली. म्हणून त्याने बायकांपुढे मिसळीचे मासे ठेवले आणि रांधायला सांगितले. बायकांनी खवल्यांचे मासे वेगळे काढले, बाकीचे परत केले. राहाबीची खात्री पटली. हा राहाबी नेमका कधी आला यावर एकमत नाही. कुणी त्याला हजार वर्षं मागे नेतं, तर कुणी अठराव्या शतकातल्या कोचीनच्या राहाबी घराण्याशी जोडतं. साल काहीही असो, मला या गोष्टीत एक गंमत वाटते. परीक्षा ग्रंथाची घेतली नाही, प्रार्थनेचीही घेतली नाही. घेतली ती स्वयंपाकघराची, आणि उत्तीर्ण झाल्या त्या बायका.

बारामती-इंदापूरकडच्या कुणी विचारलं की आपल्याकडे कोशर, म्हणजे यहुदी खाण्याच्या नियमांत बसणारं, दुकान कुठे आहे, तर उत्तर एका शब्दाचं आहे: नाही. पण मग पुण्यात आहे का, मुंबईत तरी आहे का, असं विचारत गेलं की उत्तर लांबत जातं. न्यूयॉर्कमध्ये ज्याला डेली म्हणतात, म्हणजे काचेच्या कपाटात मुरवलेलं गोमांस, खारवलेले मासे, लोणच्याच्या काकड्या, राईचा पाव आणि गल्ल्यावर बसलेला मालक, तसं दुकान महाराष्ट्रातल्या यहुद्यांनी उभं केलं नाही. त्या दुकानाची कामं मात्र इथे होत राहिली. ती कुणी केली, कशी केली आणि एका हातातून दुसऱ्या हातात कशी गेली, त्याची ही वाटचाल. तिला स्थापनेची तारीख नाही आणि नोंदणी क्रमांकही नाही.

सुरुवात अलिबागजवळच्या नवगावला होते. जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना तिथेच पुरलं, अशी मूळकथा आहे. वाचलेले लोक आसपासच्या गावांत पांगले आणि गावांचीच आडनावं घेऊन बसले. किहीमचे केहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, दिव्याचे दिवेकर. धंदा तेलाचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव दिलं 'शनिवार तेली'. पोथी हाताशी नव्हती, हिब्रू जवळजवळ विसरलेलं. 'शेमा' ही एक प्रार्थना, सुंता, शनिवार आणि ताटातले काही नियम एवढंच उरलं होतं. भाषा गेली तरी खवलं नसलेला मासा ताटात आला नाही, याचं मला फार नवल वाटतं. बाकी सगळं शिकवावं लागतं. हे मात्र सासूकडून सुनेकडे आपोआप जात असणार.

राहाबीने तीन घराण्यांतली माणसं निवडून त्यांना धर्मविधी शिकवले: झिराड, शापूरकर आणि राजपूरकर. त्यांना पदवी मिळाली 'काजी'. हा शब्द मुसलमान शेजाऱ्यांचा, पण तेव्हाच्या कोकणात न्याय सांगणाऱ्याला दुसरं नावच नव्हतं. लग्न लावणं, तंटे मिटवणं, विधी करणं हे काजीकडे आणि पद वंशपरंपरेने चालणारं. पुढे लोक मुंबईला सरकले, काही फौजेत भरती झाले. त्यांतला सामाजी हसाजी दिवेकर म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडला. सुटून आल्यावर त्याने १७९६ साली मुंबईत मांडवीला बेने इस्रायलांचं पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं. त्याचं नाव 'शआर हारहमीम', दयेचं द्वार. पण बोलण्यात ती 'मशीद'च राहिली. मशीद बंदर स्टेशनचं नाव या मशिदीवरून पडलं असं सांगतात.

मंदिर झालं की हझान लागतो. प्रार्थना चालवणारा, पोरांना अक्षरं शिकवणारा आणि प्राणी कापणारा असा तीन-चार कामांचा हा माणूस. एकोणिसाव्या शतकात असे पुष्कळ जण कोचीनहून आले. त्यांनी विस्मृतीत गेलेलं हिब्रू पुन्हा शिकवलं आणि त्याबरोबर सुरीचं शास्त्रही. डेलीच्या गल्ल्याची जागा आपल्याकडे या माणसाने घेतली. त्याच्याकडे मिळत काहीच नव्हतं. कोंबडी आपण बाजारातून आणायची, बकरा खाटकाकडचा. त्याने फक्त ते 'काशेर' करून द्यायचं. बेने इस्रायल तोंडात कोशरचा उच्चार काशेर असाच बसलेला, मूळ हिब्रूच्या जवळचा.

काम साधं दिसतं, पण त्यात खोट काढायला जागाच जागा. सुरी लांब हवी, टोक नसलेली. कापण्याआधी हझान पात्यावरून बोटाचं मांस फिरवतो, मग नख. नखाला केसाएवढी खाच लागली तरी ती सुरी बाद. कापून झाल्यावर पुन्हा पाहायची आणि तेव्हा खाच सापडली तर प्राणीच बाद, पैसे कुणाचेही गेलेले असोत. आशीर्वचन म्हणायचं, हात न थांबवता, दाब न देता एका फिरवणीत कापायचं. आपल्याकडच्या वाचकाला हलाल आणि झटका ठाऊक आहे, त्यात हा प्रकार हलालच्या जवळ बसतो, पण तपासणी त्याहून किचकट. बकऱ्याची फुप्फुसं बाहेर काढून बघायची. चिकटलेली, भोक पडलेली असली तर मांस नको. कोंबडीचं रक्त जमिनीवर पडलं की त्यावर माती किंवा राख टाकायची. बकऱ्याच्या रक्ताला हा नियम नाही. काही चरबी काढून टाकायची, मागच्या पायातली मोठी शीर काढायची.

आणि तिथून पुढचं काम घरचं. मांस अर्धा तास पाण्यात, मग उतरत्या पाटावर जाड मिठात तासभर, म्हणजे रक्त निथळून जातं, आणि शेवटी तीन पाण्यांनी धुवायचं. कलेजीत रक्त फार, तिला मीठ पुरत नाही, ती उघड्या विस्तवावर भाजायची. रक्त खायचं नाही, या एका वाक्यासाठी एवढा खटाटोप. अमेरिकेतली गृहिणी हे दुकानदारावर सोडू लागली. इथे ते परातीत होत राहिलं.

दूध आणि मांस एका ताटात नको, हा यहुदी स्वयंपाकाचा सगळ्यात जाचक नियम म्हणतात. युरोपातल्या यहुद्यांनी त्यापायी दोन भांडीसंच, दोन ओटे केले. कोकणात त्याचं उत्तर परसातल्या झाडावर लटकत होतं. मटणाच्या रश्शाला दही नको, साय नको, लोणी नको? मग नारळाचा रस घाला. तो दूध नाही आणि मांसही नाही. शेजारच्या घरातही तेच घालतात. बेने इस्रायल रसोई नारळाच्या रसावर उभी आहे. त्यात धर्म कुठे संपतो आणि कोकण कुठे सुरू होतं हे वेगळं काढता येत नाही. त्यांचा नावाजलेला हलवा बघा: गव्हाचा चीक, नारळाचं दूध, साखर घालून आटवून आटवून थाळ्यात ओततात, वर बदाम-पिस्ते. रोश हशानाला, म्हणजे नव्या वर्षाला, हा हवाच. त्यात गाईम्हशीच्या दुधाचा थेंब नसतो, त्यामुळे मटणाच्या जेवणानंतरही तो खुशाल खाता येतो.

सणांची नावं तर खास मराठी. हिब्रू नावं कोचीनच्या शिक्षकांबरोबर परत आली, पण त्याआधी लोक आपापली नावं वापरत आणि ती बहुतेक खाण्यावरून पडलेली. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी ती टिपून ठेवली. हे केहीमकर म्हणजे १८७५ साली मुंबईत बेने इस्रायल मुलांसाठी शाळा काढणारे गृहस्थ, जी पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. त्यांनी लिहिलेला समाजाचा इतिहास त्यांच्या मृत्यूनंतर १९३७ साली छापला गेला. त्यात वर्षारंभ म्हणजे 'नव्याचा सण'. नव्या तांदळाची खीर नारळाच्या दुधात करायची तो 'खिरीचा सण'. योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, घराचे दरवाजे लावून उपास धरायचा, म्हणून 'दारफळणीचा सण', आणि दुसऱ्या दिवशी भेटीगाठी आणि दानधर्माचा 'शिळा सण'. यरुशलेमचं मंदिर पडलं त्या शोकाच्या दिवसाला 'बिरड्याचा रोजा', कारण ताटात मांस नाही, मोड आलेल्या वालाचं बिरडं. पेसाहला, म्हणजे वल्हांडणाला, आंबवलेलं काही घरात ठेवायचं नाही. तो 'अनाशी ढाकाचा सण', म्हणजे आंबट रसाचं भांडं झाकून ठेवायचा सण. दोन हजार वर्षांपूर्वीच्या शोकाची आठवण एखादा समाज वालाच्या बिरड्यात ठेवतो, यावर मी काही भाष्य करणार नाही. बिरडं मात्र मला आवडतं.

एक वस्तू मात्र कोकणात मिळेना: द्राक्षाची दारू. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, लागताना किद्दूश हा आशीर्वाद म्हणायचा तो द्राक्षारसाच्या पेल्यावर. तो द्राक्षारस यहुद्यांच्याच हातून झालेला हवा, दुसऱ्याने बाटली उघडून ओतला तरी प्रश्न उभा राहतो. बेने इस्रायलांनी काळ्या मनुका पाण्यात भिजवून, कुस्करून, गाळून सरबत केलं आणि त्यावर किद्दूश म्हटला. अजूनही म्हणतात. आज इंदापूर तालुक्यात द्राक्षबागा आहेत, तासगावचे बेदाणे देशभर जातात. तरी त्या पेल्यात वाईन नसते, मनुकांचं सरबतच असतं. ती आता अडचण राहिली नाही, चव झाली आहे.

आणि मलिदा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, सुकामेवा, त्यावर पाच फळं मांडायची आणि एलियाहू हन्नावी, म्हणजे एलिया प्रेषित, याच्या नावाने स्तवन म्हणायचं. लग्न ठरलं, घर बांधलं, पोरगं आजारातून उठलं, परदेशी जायचा व्हिसा मिळाला की मलिदा. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही यहुदी समाजात हा प्रकार नाही. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका खडकावर एलियाच्या रथाच्या खुणा आहेत अशी श्रद्धा आहे, तिथेही नवस फेडायला जातात. मलिद्याला हझानची सुरी लागत नाही, खाटीक लागत नाही. गावात एकटंच यहुदी घर असलं तरी तो होतो. रेल्वेत, पोस्टात, फौजेत, बांधकाम खात्यात बदली होईल तिकडे ही घरं गेली, त्यांच्याबरोबर तोही गेला. हझान नसेल तिथे शाकाहार हा सरळ रस्ता. देशावरच्या मराठी गावात तो अवघड नव्हता. पिठलं-भाकरीला कुणाची परवानगी लागते?

पुण्याचा टप्पा जरा वेगळा. लष्करातलं लाल देऊळ आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. बारामतीहून पुण्याला ससूनमध्ये पेशंट घेऊन गेलेल्या माणसाने त्याचं टोक लांबून पाहिलेलं असतं. लाल विटांचं, नव्वद फुटांच्या मनोऱ्याचं हे 'ओहेल डेव्हिड' प्रार्थनामंदिर १८६७ साली पुरं झालं. बांधणारे डेव्हिड ससून, ज्यांच्या देणगीवर ते इस्पितळही उभं राहिलं. मंदिर पुरं व्हायच्या आधीच, १८६४ साली, ते वारले. त्यांची समाधी त्याच आवारात आहे. ससून बगदादचे. मुंबईत आलेले बगदादी यहुदी श्रीमंत, व्यापारी, अरबी बोलणारे, पुढे इंग्रजाळलेले. बेने इस्रायल मराठी बोलणारे, नोकरदार, सुभेदार, ओव्हरसियर. दोघांची मंदिरं वेगळी झाली. बेने इस्रायलांनी पुण्यात रास्ता पेठेत १९२१ साली 'सुक्कथ शेलोमो' बांधलं. वाद नुसता मंदिराचा नव्हता, सुरीचाही होता. बेने इस्रायल हझानने कापलेलं मांस आम्हाला चालेल का, असा प्रश्न बगदाद्यांत निघाला आणि बऱ्याच जणांचं उत्तर नाही असं होतं. खवल्यांचे मासे निवडून ओळख पटवून दिलेल्या लोकांना आपल्याच धर्मबंधूंनी ताटावरून वेगळं बसवलं. जातिभेद आम्ही तुम्हाला शिकवला की तुम्ही आणलात, हा प्रश्न कुणाला विचारायचा?

त्याच पुण्यात १८७४ साली एक पुस्तक छापलं गेलं, आणि या सगळ्या वाटचालीत मला ते फार महत्त्वाचं वाटतं. पेसाहच्या रात्री जेवणाच्या टेबलाशी वाचायची हग्गादा, हिब्रू मूळ आणि मराठी भाषांतरासह. मोझेस जेकब तळकर आणि एरन डॅनियल तळकर यांचं हे काम 'पुणे हग्गादा' म्हणून जगभरच्या संग्राहकांत प्रसिद्ध आहे. प्रसिद्धी चित्रांमुळे. त्यात मात्सा, म्हणजे बिनखमिराची पोळी, करण्याचे टप्पे दाखवले आहेत. पीठ मळणाऱ्या, लाटणाऱ्या, भाजणाऱ्या बायका लुगड्यात आहेत. पाणी पिठाला लागल्यापासून अठरा मिनिटांत मात्सा भट्टीत गेली पाहिजे, नाहीतर पीठ फुगायला लागतं, असा नियम आहे. म्हणजे ही चित्रं एका घाईच्या कारखान्याची आहेत. वर्षातून एकदाच उघडणाऱ्या आणि आठ दिवसांत संपणाऱ्या दुकानाचा फोटो हवा असेल तर तो हाच. आपल्या पुण्यात निघालेला, लुगडं नेसलेला.

स्वातंत्र्यानंतर पाट फुटला. १९४८ला इस्रायल झालं आणि चाळीसच्या दशकाच्या अखेरीस वीस हजारांच्या घरात असलेला बेने इस्रायल समाज पुढच्या तीन-चार दशकांत बराचसा तिकडे गेला. आज भारतात सगळे मिळून चार-पाच हजार यहुदी, बहुतेक मुंबई-ठाण्यात. कोकणातली मंदिरं आहेत, अलिबागच्या इस्रायल आळीतलं 'मागेन आबोथ' आहे, रेवदंड्याचं आहे, पण प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवताना फोन फिरवावे लागतात. दहा पुरुष जमत नाहीत तिथे पगारी हझान कसा टिकणार? आणि हझान गेला की सुरी गेली. मागच्या शतकात जे काम एका माणसाच्या अंगावर होतं, ते आता संस्थांकडे जाऊ लागलं.

त्यातली एक संस्था 'ओआरटी'. १८८० साली सेंट पीटर्सबर्गमध्ये गरीब यहुद्यांना हातधंदे शिकवण्यासाठी निघालेली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिची शाखा मुंबईत आली, वरळीला बसली आणि तरुणांना धंदेशिक्षण देऊ लागली. पुढे तिथे भटारखाना आणि कोशर स्वयंपाकघरही सुरू झालं. शुक्रवारी शब्बाथसाठी लागणारा वेणीसारखा गुंफलेला पाव, हल्ला, तिथून घरोघर जाऊ लागला. मला यात इतिहासाचा एक टोमणा दिसतो. कोकणातल्या शब्बाथला असला पाव कधी नव्हताच. तिथे भाकरी होती, पोळी होती. पूर्व युरोपाची शब्बाथची चव वरळीच्या भट्टीतून मराठी घरात आली आणि आता तीच जुनी वाटते. तरी डेलीच्या जवळ जाणारी महाराष्ट्रातली जागा कुठली असं विचारलं तर मी वरळीच्या त्या स्वयंपाकघराकडेच बोट दाखवीन. खरेदी करायची आणि पिशवीत घालून घरी न्यायचं, एवढं तरी तिथे जुळतं.

दुसरी जागा कुलाब्याची. गॅव्रिएल आणि रिवका होल्ट्झबर्ग हे तरुण जोडपं २००३ साली मुंबईत आलं, हबाद या यहुदी धार्मिक चळवळीतर्फे. काही वर्षांनी नरिमन हाउस घेतलं. गॅव्रिएल स्वतः शोहेत, म्हणजे कापण्याचं प्रशिक्षण घेतलेला. शुक्रवारी रात्री व्यापारी, पाठीवर पिशव्या टाकून हिंडणारी इस्रायली पोरं, मुंबईतले यहुदी, सगळे त्या टेबलाशी. प्रवाशाला कोशर जेवण हवं तर पत्ता एकच. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात गॅव्रिएल, रिवका आणि त्यांचे चार पाहुणे मारले गेले. दोन वर्षांच्या मोशेला सांभाळणारी सँड्रा सॅम्युएल त्याला उचलून बाहेर पळाली, म्हणून तो वाचला. त्या बाईची गोष्ट सगळ्या वर्तमानपत्रांनी सांगितली. स्वयंपाकघराचं पुढे काय झालं हे फार कुणी विचारलं नाही. इमारत २०१४च्या ऑगस्टमध्ये पुन्हा उघडली आणि चुलीही पेटल्या. पुण्यातही कोरेगाव पार्कला हबादचं घर आहे. फेब्रुवारी २०१० मध्ये स्फोट झाला ती जर्मन बेकरी त्याच्या जवळच होती. तेव्हापासून कोशर जेवायला जायचं म्हणजे आधी पोलिसांच्या समोरून जायचं, अशी या शहरांत रीत पडली.

आणि न्यूयॉर्कच्या डेलीचा जो जीव, ते गोमांस, त्याचा इथे प्रश्नच नव्हता. बेने इस्रायल घरांत ते शेजारधर्मामुळे पूर्वीपासूनच बहुतेक टाळलं जाई. गाईच्या कत्तलीवर महाराष्ट्रात १९७६च्या कायद्याने बंदी होती, २०१५च्या दुरुस्तीने बैल-वळूही त्यात आले. कायदा झाला तेव्हा या समाजाच्या ताटात फारसं काही हललं नाही. पुढच्या वर्षी, जून २०१६मध्ये, राज्य सरकारने यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. दाखल्यावर धर्माच्या रकान्यात 'इतर' लिहिण्याचा कंटाळा आलेल्या लोकांना त्याचं अप्रूप वाटलं.

गल्ला असलेलं दुकान शेवटी झालं, पण समुद्रापलीकडे. दिमोना, रामला, लोद, अश्दोद, बेरशेबा इथे बेने इस्रायल वसले. आधी वाळवंट, छावण्या आणि अपमान. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्ममंडळाने लग्नांच्या बाबतीत यांच्या यहुदीपणावरच प्रश्न काढला. १९६४ साली यरुशलेममध्ये धरणं झालं, प्रकरण संसदेत गेलं आणि धर्ममंडळाला माघार घ्यावी लागली. मराठी माणसाचा तो तिथला मोठा सत्याग्रह. आज दिमोनाला 'छोटा भारत' म्हणतात. भारतीय वाणसामानाच्या दुकानात फळीवर पोहे, चिवडा, पापड, कोकम, मसाले, आणि पाकिटांवर कोशरचा शिक्का. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक तिथे निघतं. रहाट फिरून तिथेच आला: कोकणात यहुदी असल्याची खूण म्हणजे खवल्यांचा मासा. इस्रायलात मराठी असल्याची खूण म्हणजे पोहे.

आता आपल्या दोन तालुक्यांकडे येतो. बारामतीच्या एमआयडीसीत डेअरी आहे, चीज बनतं. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर इथे साखर निघते. इंदापुरातून डाळिंब आणि द्राक्षं बाहेर जातात. यातली कुठलीही वस्तू अमेरिकेच्या मोठ्या बाजारात जायची म्हटली की खरेदीदार हटकून एक प्रश्न विचारतो: कोशर प्रमाणपत्र आहे का? हा बाजार नुसता यहुद्यांचा नाही. १९२३ साली हाइंझच्या डबाबंद घेवड्यावर गोलातलं 'यू' अक्षर पहिल्यांदा छापलं गेलं, तेव्हापासून ती खूण शुद्धतेची हमी म्हणून दुसऱ्यांनीही वाचायला सुरुवात केली. प्रमाणपत्रासाठी रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू, विमानाने येतो, कारखाना बघतो, पाइपांत काय काय वाहून गेलं ते विचारतो. साखरेत फारसं अडत नाही. चीजवर तो थांबतो. दूध फाडायला काय वापरता, वासराच्या जठरातून काढलेलं विरजण की वनस्पतीचं, की जंतूंपासून केलेलं? आणि ते दुधात घालताना आमचा माणूस हजर होता का? कोशर चीजसाठी ही हजेरी लागतेच.

म्हणजे ज्या गावात एकही यहुदी घर नाही तिथे एक दिवस एक परका माणूस येऊन व्हॅटच्या तोंडाशी उभा राहतो आणि विरजण पडताना बघतो. कोकणात अशाच तपासणीसाठी राहाबीने मासे ठेवले होते. रब्बीला त्या दिवशी जेवायला काय द्यायचं हा कारखान्याच्या मॅनेजरचा खरा प्रश्न. आमच्याकडच्या शुद्ध शाकाहारी थाळीतही त्याला कढईची शंका येणार. मी असतो तर त्याच्यापुढे सालासकट केळी, डाळिंब आणि फोडायला एक नारळ ठेवला असता.